शिंजीशिवायची चौदा वर्षे

हिदेआकी आन्नो यांनी १९९५ मध्ये ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही सव्वीस भागांची ॲनिमे मालिका केली आणि २००७ ते २०२१ या काळात तीच कथा चार चित्रपटांत पुन्हा सांगितली. या पुनर्कथनावरून ॲनिमे पाहणाऱ्यांत दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे, की मूळ मालिका हीच खरी आणि चित्रपट म्हणजे गाजलेल्या नावावर केलेली कमाई. दुसऱ्या तटाला चित्रपट आवडतात, पण ती आवड दुसऱ्या चित्रपटापाशी थांबते आणि एकदम चौथ्यापाशी पुन्हा सुरू होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये आलेला मधला तिसरा चित्रपट दोन्ही तटांना नकोसा आहे. माझे मत नेमके उलट आहे. तिसरा चित्रपट नसता, तर बाकीच्या तिघांना मूळ मालिकेची सफाईदार नक्कल यापलीकडे फारशी किंमत उरली नसती. मूळ मालिका मोठी आहे आणि मोठीच राहील. पण तिला एक गोष्ट साधली नव्हती. चित्रपटांना ती साधली आणि तिची सुरुवात सर्वांत जास्त शिव्या खाल्लेल्या या चित्रपटात होते.

मालिका न पाहिलेल्यांसाठी कथा थोडक्यात सांगायला हवी. साल २०१५. पंधरा वर्षांपूर्वी झालेल्या महासंहारात निम्मी मानवजात संपलेली आहे. उरलेल्यांवर ‘एंजल’ नावाचे अगम्य जीव एकामागून एक चालून येतात. त्यांच्याशी लढू शकतात फक्त इव्हा. दिसायला यंत्रमानव, पण आतून जिवंत असलेले महाकाय देह. ते चालवायला चौदा वर्षांची मुले लागतात. शिंजी इकारीला वडिलांनी, म्हणजे गेंडोने, लहानपणीच परक्यांकडे सोडलेले असते. आता त्याला बोलावले आहे तेही इव्हा चालवण्यापुरते. अशा कथांचा ठरलेला रस्ता असा, की घाबरट मुलगा हळूहळू शूर होतो आणि जग वाचवतो. आन्नो त्या रस्त्याने जात नाहीत. शिंजी पळून जातो, परत येतो, पुन्हा पळतो. कौतुकाला हपापलेला असतो आणि कौतुक झाले की त्यावर त्याचा विश्वास बसत नाही. ही मालिका टीव्ही टोकियोवर ऑक्टोबर १९९५ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी जानेवारीत कोबेला भूकंपाने उद्ध्वस्त केले होते आणि मार्चमध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाने सरीन वायू सोडला होता. आर्थिक भरभराटीचा फुगा तर आधीच फुटला होता. ‘नादिया’ या आधीच्या मालिकेनंतर आन्नो स्वतः काही वर्षे नैराश्यात काढून आले होते. देशाची आणि दिग्दर्शकाची अशी अवस्था असताना, एका मुलाला सकाळी अंथरुणातून का उठावे हेच कळत नाही, ही गोष्ट त्यांनी संध्याकाळच्या वेळेत, मुलांच्या कार्यक्रमांच्या रांगेत बसवली. हे धाडस आजही थक्क करते.

मालिकेचा बाविसावा भाग घ्या. रेई आणि आसुका या इव्हा चालवणाऱ्या दोन मुली लिफ्टमध्ये उभ्या आहेत. रेई पुढे, दाराजवळ. आसुका मागच्या भिंतीला टेकून. चित्र जवळजवळ मिनिटभर हलत नाही. लिफ्टच्या यंत्राची खरखर तेवढी ऐकू येते. मग रेई सांगते, की मन उघडल्याशिवाय इव्हा हलत नाही. आसुकाचा तोल जातो आणि लिफ्टचे दार उघडता उघडता ती रेईच्या थोबाडीत मारते. त्या सुमारास निर्मात्यांकडे वेळ उरला नव्हता आणि स्थिर चित्र हा काटकसरीचाही मार्ग होता. पण त्या मिनिटात पाहणाऱ्याला जे अवघडलेपण येते, ते पन्नास संवादांनी आले नसते. दोघी एकाच संकटातून जात असतात, एकाच कामावर असतात आणि एकमेकींपर्यंत पोचण्याचा कोणताही मार्ग त्यांच्याकडे नसतो. मूळ मालिकेची सगळी ताकद या लिफ्टमध्ये आहे. माणूस माणसाजवळ गेला की दोघांनाही लागते आणि दूर राहिले तर दोघेही सुकत जातात, ही कोंडी आन्नो यांनी इतक्या प्रामाणिकपणे मांडली, की शेवटचे दोन भाग त्यांनी कथानक सोडून शिंजीच्या मनातच घडवले. रिकाम्या रंगमंचावर एक खुर्ची, वर दिवा आणि प्रश्नांची सरबत्ती. काही ठिकाणी तर पेन्सिलीची कच्ची रेखाटनेच पडद्यावर आली. प्रेक्षक खवळले. जुलै १९९७ मध्ये आलेल्या ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ने त्यांना बाहेरच्या जगातला शेवट दाखवला. तो अधिकच निर्दय निघाला. सगळी माणसे विरघळून एक होतात, शिंजी ते ऐक्य नाकारून परत येतो आणि लाल समुद्राच्या काठी शेजारी पडलेल्या आसुकाचा गळा दाबू लागतो. ती त्याच्या गालावरून हात फिरवते. तो रडू लागतो. ती किळस आल्याचे बोलते आणि चित्रपट संपतो.

यापेक्षा खरा शेवट ॲनिमेत क्वचितच कोणी केला असेल. पण त्या खरेपणाला एक मर्यादा आहे आणि मूळ मालिकेचे भक्त ती मान्य करत नाहीत. या कथेत शिंजीव्यतिरिक्त जे कोणी आहे, ते शेवटी शिंजीचा आरसा होऊन जाते. शिंजीला सांभाळणारी अधिकारी मिसातो, आसुका, रेई यांना स्वतःचा भूतकाळ आहे, जखमा आहेत आणि त्या विलक्षण बारकाईने रंगवलेल्या आहेत. तरीही मालिका शेवटाकडे सरकते तशी ही सगळी माणसे शिंजीच्या मनातल्या रेल्वेच्या डब्यात येऊन बसतात, त्याला प्रश्न विचारतात, त्याला दोष देतात आणि अखेरच्या भागात त्याच्याभोवती उभे राहून टाळ्या वाजवतात. जगाचे काय व्हावे, हा प्रश्न एका चौदा वर्षांच्या मुलाच्या मनःस्थितीवर सोडलेला असतो. बाहेर काय घडले, कोणी काय सोसले, दुसऱ्या दिवशी जेवण कोणी रांधले, याला तिथे जागा नाही. ऐन नैराश्यात जग असेच दिसते आणि त्या अवस्थेचे इतके अचूक चित्र दुर्मीळ आहे. पण ते आतून काढलेले चित्र आहे. बाहेर उभे राहून पाहणाऱ्यांची बाजू त्यात येत नाही.

आन्नो यांनी २००६ मध्ये खारा हा स्वतःचा स्टुडिओ काढला आणि सप्टेंबर २००७ मध्ये पहिला चित्रपट आणला. तो मालिकेच्या पहिल्या सहा भागांना जवळजवळ धरूनच चालतो. अनेक चौकटी जशाच्या तशा आहेत. रेषा स्वच्छ झाल्या, रंग उजळले, लढाया भव्य झाल्या. जे आधीच उत्तम होते ते पुन्हा घासूनपुसून दाखवण्यात किती अर्थ आहे, हा टीकाकारांचा प्रश्न इथे रास्त आहे. मला या चित्रपटात मोलाचा वाटतो तो ‘यशिमा मोहिमे’चा भाग. एका एंजलला भेदण्यासाठी सगळ्या जपानची वीज एका बंदुकीत ओतायची, ही ती मोहीम. मालिकेतही ती आहे. चित्रपटात मात्र तिच्यामागे राबणारी माणसे, तारांची भेंडोळी, रोहित्रांच्या रांगा यांना भरपूर वेळ दिला आहे. मिसातो शिंजीला जमिनीखाली नेऊन दाखवते, की इथला प्रत्येक माणूस जीव पणाला लावून काम करतो आहे आणि तू एकटा नाहीस. मालिकेत हे इतक्या लवकर आणि इतक्या स्पष्टपणे घडत नाही. पुढे मार्च २०११ मध्ये भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर जपानमध्ये विजेचा तुटवडा पडला, तेव्हा इंटरनेटवर तरुणांनी घरोघरची वीज वाचवण्याची हाक याच ‘यशिमा मोहीम’ नावाने दिली. एकेकट्या माणसांची कथा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलाकृतीतून लोकांनी संकटाच्या वेळी उचलली ती सर्वांनी मिळून करायची गोष्ट. आन्नो पुढे कुठे जाणार होते, त्याची ही चाहूल होती.

जून २००९ च्या दुसऱ्या चित्रपटात तीच लिफ्ट पुन्हा येते. रेई पुढे, आसुका मागे. पण आता रेईच्या बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या आहेत. शिंजी आणि त्याच्या वडिलांना एका टेबलावर आणायचे म्हणून तिने जेवण करायचे ठरवले आहे आणि सुरी चालवायला शिकताना बोटे कापून घेतली आहेत. आसुका हात उगारते तेव्हा रेई तो हात वरच्यावर धरते आणि आसुकाला त्या पट्ट्या दिसतात. मालिकेत जिथे थप्पड होती, तिथे आता एक मुलगी दुसरीचे हात पाहते. पुढे तीच आसुका रेईच्या जेवणाचा बेत मोडू नये म्हणून नव्या इव्हाच्या चाचणीला स्वतः जायला तयार होते. मालिकेत त्या जागी शिंजीचा वर्गमित्र तोजी होता. चाचणीतच इव्हा एंजलच्या ताब्यात जाते आणि जे होते ते पाहवत नाही. म्हणजे इथे माया जास्त आहे आणि त्या मायेची किंमतही जास्त मोजावी लागते. चित्रपटाच्या अखेरीस रेईला एंजलच्या पोटातून ओढून काढण्यासाठी शिंजी सगळे पणाला लावतो, जगाचे काहीही होवो असे म्हणत. मिसातो त्याला ओरडून सांगते, की दुसऱ्या कोणासाठी नको, तुझ्या स्वतःच्या इच्छेसाठी जा. चित्रपटगृहात प्रेक्षकांना हेच हवे होते. चौदा वर्षे रडत राहिलेला शिंजी एकदाचा नायक झाला.

आणि मग तिसरा चित्रपट. शिंजी जागा होतो तेव्हा मधे चौदा वर्षे गेलेली असतात. त्याचे वय तेवढेच आहे. मिसातो आता एका उडत्या युद्धनौकेची कप्तान आहे, काळा चष्मा लावते आणि त्याच्याकडे नीट पाहतही नाही. त्याच्या गळ्यात स्फोटके भरलेली पट्टी अडकवलेली आहे. त्याला एकच हुकूम मिळतो: तू काहीही करायचे नाहीस. का, ते कोणी सांगत नाही. बऱ्याच वेळाने कावोरू नावाचा मुलगा त्याला ढगांखालची उद्ध्वस्त पृथ्वी दाखवतो, तेव्हा त्याला आणि आपल्यालाही कळते, की रेईला वाचवण्याच्या त्या गौरवाच्या क्षणी जगाचा अंत सुरू झाला होता. असंख्य माणसे मेली. ज्या दृश्याला आपण टाळ्या वाजवल्या, त्याचा हिशेब दुसऱ्या कोणीतरी चुकता केला आणि तो चुकता करताना ती माणसे चौदा वर्षांनी म्हातारी झाली. मूळ मालिकेत हा विचार कुठेही नाही. तिथे शिंजीच्या निर्णयानंतरचे जग म्हणजे एक समुद्रकिनारा आणि दोन देह. इथे त्याच्या निर्णयानंतर लोक उठले, गट बांधले, जहाजे बांधली, लढले आणि हे सगळे तो झोपलेला असताना. एखाद्या माणसाने सर्वस्व पणाला लावून काही केले, एवढ्याने ते योग्य ठरत नाही; ज्यांना ते सोसावे लागले त्यांचेही म्हणणे असते. गाजलेल्या नायकाच्या बाबतीत हे बोलायला धैर्य लागते आणि लोकांना सर्वांत आवडलेल्या दृश्याबाबत बोलायला तर त्याहून अधिक.

यावर आक्षेप ठरलेला आहे: चित्रपट मुद्दाम गोंधळात टाकतो, माणसे साध्या प्रश्नांची उत्तरे देत नाहीत, मिसातोने दोन वाक्यांत खुलासा केला असता तर पुढचा अनर्थ टळला असता. यातला पहिला भाग मला मान्य आहे. चौदा वर्षांत काय घडले याचे धागे चित्रपट इतके कमी देतो, की प्रेक्षकाचा संयम सुटतो, आणि नव्या पात्रांची नावे लक्षात राहण्याआधी चित्रपट संपतो. नव्वद-पंचाण्णव मिनिटांत हे बसवण्याचा हट्ट चुकला. पण मिसातोच्या गप्प राहण्याला मी दोष म्हणणार नाही. ‘जा’ असे ओरडून सांगणारी तीच होती. त्या अनर्थात तिचाही वाटा आहे आणि त्या मुलासमोर उभे राहून ते बोलण्याची ताकद तिच्यात नाही. मोठ्या आपत्तीनंतर माणसे अशीच वागतात. ज्याच्याशी बोलायला हवे त्यालाच टाळतात. २०११ च्या त्सुनामीला तेव्हा दोन वर्षेही पुरती झाली नव्हती. सगळे पूर्वीसारखे करता येईल या आशेने शिंजी कावोरूसोबत जमिनीखाली रोवलेले भाले उपटायला जातो आणि आणखी वाईट घडवतो. घडलेले पुसून टाकण्याची त्याची ही धडपड आणि तिचे फसणे, हे तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला फार परके वाटले असेल असे मला वाटत नाही. चित्रपट पूर्ण झाल्यावर आन्नो स्वतः पुन्हा नैराश्यात गेले. नंतरच्या जाहीर निवेदनात त्यांनी लिहिले, की त्या काळात आपण स्टुडिओतही जाऊ शकत नव्हतो. त्यातून सावरत त्यांनी शिंजी हिगुची यांच्यासह २०१६ चा ‘शिन गॉडझिला’ केला. त्यात नायक म्हणावा असा एक माणूस नाही; बैठका घेणारे, कागद फिरवणारे, ट्रक आणि पंप हलवणारे असंख्य कर्मचारी मिळून संकट थोपवतात. यशिमा मोहिमेची हीच वाट पुढे शेवटच्या चित्रपटात आली.

करोनामुळे दोनदा पुढे ढकललेला चौथा चित्रपट ८ मार्च २०२१ रोजी प्रदर्शित झाला. दोन तास पस्तीस मिनिटांच्या या चित्रपटाच्या पहिल्या तासाचा मोठा भाग एका वस्तीत घडतो. तिसऱ्या चित्रपटात जी माणसे मेली असे आपण धरून चालतो, ती इथे आहेत. तोजी गावाचा डॉक्टर झाला आहे, वर्गातल्याच हिकारीशी त्याचे लग्न झाले आहे, घरात तान्हे मूल आहे. केन्सुके हा दुसरा वर्गमित्र पडेल ते काम करून गाव चालू ठेवतो. जुने रेल्वेस्थानक, एका जागी थांबलेले डबे, वाटून घेतलेला शिधा. रेईसारखी दिसणारी, पण रेई नसलेली मुलगी गावातल्या बायकांबरोबर चिखलात उतरून भाताची लावणी करते. रोपाची मूठ कशी धरायची, वाकून मागे मागे कसे सरकायचे, हे त्या बायका तिला शिकवतात. कोकणातल्या किंवा मावळातल्या वाचकाला ही लावणी समजावून सांगावी लागणार नाही. जपानी ॲनिमेचे एखादे दृश्य आपल्याकडे इतके ओळखीचे क्वचितच असते. ‘नमस्कार म्हणजे काय’, ‘काम म्हणजे काय’ असे प्रश्न ती विचारते आणि प्रत्येकीकडून साधे, कामापुरते उत्तर मिळवते. शिंजी या काळात बोलत नाही, खात नाही. कोणी त्याच्या मनात शिरून चर्चा करत नाही. त्याच्याजवळ अन्न ठेवले जाते, आसुका तर एकदा त्याच्या तोंडात ते अक्षरशः कोंबते, आणि बाकी सगळे आपापल्या कामाला जातात. अखेर एके दिवशी तो रडत रडत ते अन्न खातो. मग केन्सुकेबरोबर मासे पकडायला जातो. त्यातही त्याला धड यश येत नाही. मूळ मालिकेने दोन भागभर मनाचे उत्खनन करून जे मिळवले, ते इथे थोडा वेळ, थोडे अन्न आणि आजूबाजूला चाललेली कामे यांनी होते. नैराश्यातून सावरण्याचे इतके न बोलणारे, इतके खरे चित्रण मला दुसऱ्या ॲनिमेत आठवत नाही आणि मधली चौदा वर्षे नसती तर ते शक्यच नव्हते. तोजी आणि केन्सुके मोठे झाले म्हणून ते शिंजीला आधार देऊ शकले.

उत्तरार्धात मालिकेतला तो रेल्वेचा डबा परत येतो. या वेळी आत बसलेला माणूस गेंडो आहे आणि ऐकणारा शिंजी. लहानपणापासून माणसांची भीती वाटणारा, पुस्तके आणि पियानो यांत रमणारा, पत्नी यूई भेटल्यावर पहिल्यांदा जगाशी जोडला गेलेला आणि तिच्या मृत्यूने पुन्हा तुटलेला गेंडो आपली कथा सांगतो. मालिकेत तो जवळजवळ अभेद्य होता. इथे त्याला आपल्याच मुलाची भीती वाटते आणि शिंजी त्याच्याकडून आलेला जुना कॅसेट प्लेअर त्याला परत देतो. बापाचा पराभव मुलाने विचारलेल्या एका साध्या प्रश्नाने होतो, मुलगा नीट ऐकतो म्हणून होतो. त्यानंतर शिंजी आसुका, कावोरू आणि रेई यांना एकेक करून निरोप देतो. मूळ शेवटात सगळे शिंजीसाठी उभे होते. इथे तो सगळ्यांसाठी बसून राहतो. हा उलटा फेर इतका विचारपूर्वक घडवलेला आहे, की चित्रपटांना केवळ पैशासाठी केलेली पुनरावृत्ती म्हणणाऱ्यांनी तो पुन्हा एकदा पाहावा. पैसा मिळाला, यात शंका नाही. शेवटच्या चित्रपटाने जपानमध्ये एक हजार कोटी येनहून अधिक कमाई केली. पण नुसती कमाईच करायची असती, तर दुसऱ्या चित्रपटाच्या यशानंतर तिसरा तसा काढण्याचे काहीच कारण नव्हते.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: हा शेवट उपदेश करतो, चाहत्यांना ‘आता मोठे व्हा, बाहेर पडा’ असे सुनावतो. अखेरच्या दृश्यात तरुण शिंजी मारी या इव्हा चालवणाऱ्या मुलीचा हात धरून उबे-शिनकावा स्थानकातून बाहेर धावतो आणि चित्रांच्या जागी खरे शहर दिसू लागते. उबे हे आन्नो यांचे जन्मगाव. उपदेशाचा आरोप खरा ठरला असता, जर चित्रपटाने बाहेरचे जग म्हणजे आपोआप सुख असे मांडले असते. पण आपण आधीच तासभर ते बाहेरचे जग पाहिले आहे, त्यातल्या चिखलासकट आणि शिध्याच्या रांगांसकट. त्यामुळे शेवटचे ते धावणे मला आज्ञेसारखे वाटत नाही. मारीबद्दल मात्र तक्रार आहेच. ती दुसऱ्या चित्रपटात आली आणि शेवटपर्यंत तिचे अंतरंग आपल्याला नीट दिसलेच नाही. शिंजीचा हात तिने धरावा हे कथेच्या दृष्टीने पटते, तिच्या दृष्टीने का ते कळत नाही.

चित्रपटांनी गमावलेही बरेच. मालिकेतल्या आसुकाला आईच्या वेडाचा आणि आत्महत्येचा जो भयंकर इतिहास होता, तो इथे गेला. ती एकाच साच्यातून काढलेल्या क्लोनांपैकी एक निघते आणि तिची जिद्द त्या प्रमाणात पोकळ होते. मिसातो आणि तिचा जुना प्रियकर काजी यांच्यातले प्रौढ, गुंतागुंतीचे नाते चार दृश्यांत आटोपते. मालिकेजवळ दहा तास होते. चारही चित्रपट मिळून आठ तास भरत नाहीत, आणि त्यातला बराच वेळ लढायांनी खाल्ला. लढायांत संगणकावर रचलेल्या वस्तूंची इतकी गर्दी होते, की मालिकेतल्या एका थांबलेल्या चित्राचा परिणाम कित्येकदा त्यांना साधत नाही. अल्पवयीन मुलींच्या देहावर रेंगाळणारा कॅमेरा तर अक्षम्य आहे. ही खोड मूळ मालिकेतही होती. पण माणसांकडे माणूस म्हणून पाहायला शिकवणाऱ्या चित्रपटात, साठीला आलेल्या दिग्दर्शकाच्या हातून ती सुटू नये, याचे दुःख अधिक होते. ‘तेव्हाच्या ॲनिमेत असे असायचे’ हे समर्थन २०२१ मध्ये चालत नाही.

म्हणूनच दोन्हींत डावे-उजवे करायचेच झाले, तर मी मूळ मालिकेला आणि १९९७ च्या चित्रपटाला वर ठेवेन. त्यांचा शोध अधिक मूलभूत होता आणि त्यांच्याआधी तसे कोणी केले नव्हते. त्यांच्याशिवाय चौथा चित्रपट उभाही राहू शकत नाही. ज्याने ती थप्पड पाहिली नाही त्याला चिकटपट्ट्यांचे मोल कळणार नाही. पण म्हणून चित्रपट अनावश्यक ठरत नाहीत. पस्तिशीतल्या आन्नो यांनी जखम दाखवली आणि तिथे थांबणे हेच तेव्हा प्रामाणिक होते. साठीच्या आन्नो यांना त्या जखमी मुलाच्या शेजारी राहणारी माणसे दिसली. एकाच कलावंताने आपल्याच गाजलेल्या कृतीला असे सविस्तर उत्तर द्यावे, तेही ती कृती खोटी न ठरवता, हे फार थोड्यांना जमले आहे.

मूळ मालिका २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये चारही चित्रपट प्राइम व्हिडिओवर जगभर आले, त्यामुळे मराठी प्रेक्षकालाही हे आता दुर्गम राहिलेले नाही. आधी मालिका पाहा, सव्वीसच्या सव्वीस भाग. मग १९९७ चा चित्रपट. आणि मगच हे चार. मधे भरपूर दिवस जाऊ द्या. तिसरा चित्रपट पाहताना राग येईल, काहीच कळत नाही असे वाटेल आणि बंद करावासा वाटेल. तिथे सोडून देऊ नका.